युटाच्या शाळेतले १३ महिने : लेकीचे आणि आमचेही

कोथिंबीरवडी (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. इथे मी आठ-नऊ वर्षं वाचतेय, पाककृतींच्या धाग्यांवर बडबडही भरपूर करते, पण हा विषय कुठेच काढलेला नाही, ना इथे, ना मंडळात, ना माहेरी. सासूबाई मे महिन्यात येतायत, तीन महिने राहतील, आणि त्यांना काय सांगायचं हे आता अगदी गळ्याशी आलंय म्हणून शेवटी आज लिहायला बसले. (हा आयडी कोणाचा ते ज्यांना माहितीये त्यांनी कृपया स्वतःपाशीच ठेवा.)

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक आता अठराची होईल. २०२२ च्या शेवटी, ती पंधराची असताना, आम्ही तिला युटामधल्या एका निवासी ट्रीटमेंट शाळेत (तिथेच राहून शिकायचं आणि मनाच्या आजारावर उपचारही घ्यायचे) ठेवलं. फक्त मुलींची शाळा, वय १३ ते १७. तिथे १३ महिने होती. भारतात सगळ्यांना सांगितलं की बोर्डिंगला घातलंय, तिकडे अभ्यास चांगला असतो. लोकांनी अभिनंदन केलं हो फोन करून!

का ठेवलं त्याचे तपशील लिहीत नाही, ते तिचे आहेत. एवढंच की एका वर्षात तीनदा इमर्जन्सी झाली आणि तिसऱ्या वेळी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की दर वेळी आठ दिवस ठेवून घ्यायचं आणि घरी पाठवायचं याने काही हलणार नाही. तेव्हा घरात अशी परिस्थिती होती की मी रात्री तिच्या खोलीच्या दाराबाहेर गादी टाकून झोपायचे, नवरा मीटिंगा गाडीत बसून घ्यायचा आणि धाकटा कानातले हेडफोन जेवतानाही काढायचा नाही.

शाळा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं घर, तेव्हा १४ मुली होत्या. मागे घोड्यांचा तबेला, समोर बास्केटबॉलचं मैदान, त्याच्यावर नोव्हेंबरातच बर्फ. पोचलो त्या दिवशी तिथल्या बाईंनी तिच्या बुटांच्या लेस काढून घेतल्या आणि हुडीची नाडी ओढून काढली. ती नाडी माझ्या हातात दिली. मी सॉल्ट लेक सिटीपासून नुअर्कपर्यंत ती नाडी मुठीत धरून बसले होते. अजून पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. बाथरूमला गेलं तरी दाराबाहेर स्टाफ उभा आणि आतून मोठ्याने आकडे मोजत रहायचे, म्हणजे बाहेरच्यांना कळतं की पोरगी ठीक आहे. ही मराठीत मोजायची. इंग्लिशमध्ये मोजलं तर सगळ्यांना कळतं आपण आत काय करतोय असं तिला वाटायचं म्हणे. पण अठ्ठावीसनंतर एकोणतीस सुचायचं नाही, मग परत एकपासून. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी हसले आणि मग गाडी बाजूला घेऊन रडले.

रोजचं म्हणजे सकाळी साडेसहाला उठणं, अंथरूण, कामं वाटलेली (संडास घासण्यापासून), मग शाळा, खरीखुरी, क्रेडिट मिळणारी, दुपारी ग्रुप, आठवड्यात दोनदा स्वतःची थेरपी, एकदा आमच्याबरोबर झूमवर. संध्याकाळी एक कार्ड भरायचं, आज राग किती, दुःख किती, काही करावंसं वाटलं का, वाटलं तर त्याऐवजी काय केलं. आणि पायऱ्या असतात, फेज म्हणतात. खालच्या फेजला काही नाही, वरच्या फेजला गेलं की गावात सिनेमाला नेतात, स्वयंपाक करू देतात. तिसऱ्या फेजला पोचल्यावर हिने चौदा मुलींना वरणभात करून घातला. हिंग कुठून आणायचा म्हणून मला फोन, तोही आठवड्याच्या तिच्या पंधरा मिनिटांतला! मी पंधराच्या पंधरा मिनिटं फोडणीवर बोलले. एरवी काय बोलायचं तेच कळायचं नाही.

आता घरी येऊन सव्वा वर्ष झालंय. बदल काय झाला असं कोणी विचारलं तर मोठं काही सांगता येत नाही. मार्क तेच आहेत. पसारा तोच आहे. पण पूर्वी भांडण पेटलं की दार आपटणं, मग शांतता, मग भीती. आता ती म्हणते, "आई, मला आत्ता बोलायचं नाहीये, वीस मिनिटांनी बोलते." आणि खरंच वीस मिनिटांनी येते. त्या वीस मिनिटांत मी कट्टा तीनदा पुसते. ती हे तेरा महिन्यांत शिकली, मला अजून जमत नाही.

तर विचारायचं होतं की सासूबाईंना सांगावं का आणि कसं. आणि खरं सांगायचं तर आम्ही केलं ते बरोबर केलं का हेही.

तात्या_सांगलीकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळी आठ भावंडं एका खोलीत वाढली, कोणाला थेरपी लागली नाही. ही सगळी एकटेपणाची आणि मोबाईलची देणगी. एवढे डॉलर घालवून परक्यांच्या हाती पोर देण्यापेक्षा वर्षभर इकडे आजी-आजोबांकडे ठेवली असती तर आपोआप सरळ झाली असती. मोकळी हवा, घरचं जेवण, चार माणसं. विचार करा.

रानवारा

तात्या, तुमचा मान राखून बोलते. माझ्या आतेबहिणीला १९९७ साली असंच मुंबईहून आजोळी पाठवलं होतं, तुमच्याच भागात, "हवापालट" म्हणून. मोकळी हवा होती, घरचं जेवण होतं, माणसं चार नाही चौदा होती. काय झालंय हे मात्र चौदातल्या एकानेही विचारलं नाही. देवरुषी झाला, उपास झाले, शेवटी लग्न झालं. आज ती पंचेचाळिशीची आहे आणि अजून दिवाळीत सगळे जमले की पाणी आणायला म्हणून उठते ती तासभर येत नाही. तुम्ही म्हणता तशी सरळ झाली, हो. इतकी सरळ की कोणाला दिसतच नाही.

को.व., सासूबाईंना सांगा असं माझं मत, पण लेकीला विचारून.

हिशोबनीस

मी या चक्रातून मुलाच्या वेळी गेलोय (मुलांची वेगळी शाळा असते), तेव्हा भावनेचं इतरांनी लिहावं, मी पैशाचं लिहितो कारण ते कोणी सांगत नाही आणि लोक घरं गहाण टाकतात.

महिन्याला दहा हजार डॉलरच्या वर सहज जातं, बऱ्याच ठिकाणी खूपच वर. २००८ चा पॅरिटी कायदा सांगतो की विमा कंपनी मानसिक आजाराला शरीराच्या आजारापेक्षा कडक नियम लावू शकत नाही. कागदावर. प्रत्यक्षात दर आठवड्या-दोन आठवड्यांनी कंपनीचा माणूस शाळेला फोन करून विचारतो की अजून "वैद्यकीय गरज" आहे का, आणि पोरगं जरा सुधारलं की म्हणतात सुधारलंय, आता पैसे बंद. म्हणजे बरं होणं हाच गुन्हा. नकार आला की लेखी मागा, अपील करा, दुसरं अपील बाहेरच्या तपासणीकडे जातं ते नक्की करा. आमचं तिथेच पलटलं.

दुसरं म्हणजे मुलाला स्पेशल एज्युकेशनचा आयईपी (त्याच्या गरजेप्रमाणे शाळेने लिहून दिलेला शिक्षणाचा आराखडा) असेल आणि त्याला शिकता यावं म्हणून निवासी जागाच लागते असं ठरलं तर खर्च स्कूल डिस्ट्रिक्टवर (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) येतो, राहण्याजेवण्यासकट. हा केंद्राचा कायदा आहे. डिस्ट्रिक्ट स्वतःहून कधीही सांगणार नाही, वकील लागतो. तिसरं टॅक्सचं. मुलाला तिथे ठेवण्याचं मुख्य कारण उपचार असेल तर उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरचा खर्च वजावट म्हणून दाखवता येतो. डॉक्टरचं पत्र आधी घ्या, नंतर नाही.

आणि "एज्युकेशनल कन्सल्टंट" म्हणून जी मंडळी हजारो डॉलर घेऊन शाळा सुचवतात त्यांना तोंडावर विचारा की तुम्ही ती शाळा शेवटची कधी पाहिलीत.

अर्धा_चहा

मी कॅलिफोर्नियात लायसन्स्ड सोशल वर्कर आहे, टीनएजर मुलींबरोबरच काम करते. को.व. ताई, तुम्ही फार प्रामाणिकपणे लिहिलंय.

तुम्ही लिहिलेलं ते कार्ड म्हणजे डायरी कार्ड, ही डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, मानसोपचाराची एक पद्धत). मार्शा लिनेहान या बाईंनी सिअ‍ॅटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये ती बसवली, १९९३ मध्ये तिचं पुस्तक आलं. मूळ मुद्दा असा की दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, "मी आत्ता जशी आहे तशी ठीक आहे" आणि "मला बदलायला हवं". पोरी पहिल्यांदा ऐकतात तेव्हा म्हणतात ही काय फालतुगिरी. आपण मराठीत "कळतंय पण वळत नाही" म्हणतो ना, त्या कळण्या-वळण्याच्या मधल्या जागेचं शिक्षण आहे ते. तिथे हाताशी काय घ्यायचं ते शिकवतात. वाडग्यात बर्फाचं पाणी घेऊन श्वास रोखून तोंड बुडवायचं, अर्धा मिनिट, नाडी खरोखर मंदावते, यात मन वगैरे काही नाही, शरीराची सरळ प्रतिक्रिया आहे (हृदयाचा त्रास असेल किंवा खाण्याचा आजार असेल तर आधी डॉक्टर). वीस मिनिटांनी बोलते म्हणणं हेही त्यातलंच.

आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिनेहान बाई स्वतः १९६१ मध्ये १७ वर्षांच्या असताना कनेटिकटमधल्या हार्टफर्डला मानसोपचार संस्थेत भरती होत्या, २६ महिने, त्यातला बराच काळ एकांताच्या खोलीत. तेव्हाचे उपचार त्यांना अजिबात लागू पडले नाहीत. २०११ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याच संस्थेत परत जाऊन त्यांनी हे पहिल्यांदा जाहीर सांगितलं. म्हणजे आज या शाळांमध्ये पोरी जे कार्ड भरतात ते अशाच एका पोरीने पुढे मोठी होऊन बनवलंय.

आता कडू भाग. "ट्रीटमेंट शाळा" या एका नावाखाली सगळंच येतं, उत्तम जागाही आणि भयंकर जागाही. या धंद्याचं मूळ १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या सिनॅनॉन नावाच्या पंथापर्यंत जातं. ते लोक व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसाला मधे बसवून तासन् तास शिव्या घालायचे आणि त्याला खेळ म्हणायचे. तिथून शिकलेल्यांनी पुढे मुलांच्या शाळा काढल्या. २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या तपास कार्यालयाने अशा कार्यक्रमांतल्या १० मुलांच्या मृत्यूंची प्रकरणं खणून काढली, वाचवत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिनात १२ वर्षांचा मुलगा जंगलातल्या कँपच्या पहिल्याच रात्री गेला.

मी आईबापांना एकच प्रश्न विचारायला लावते. मुलीला तुमच्याशी एकटीला, स्टाफ जवळ नसताना, बोलता येतं का? याचं उत्तर लांबलचक आलं तर उठून या.

निळी_सायकल

नमस्कार. मी इथे लिहित नाही, आई वाचते. तिने हा धागा मला पाठवला आणि म्हणाली तू लिही. मी बीएमएमच्या (बृहन्महाराष्ट्र मंडळ) मराठी शाळेत शिकले तेवढंच मराठी आहे, आई चुका काढून देतेय, काही मी तशाच ठेवल्यात.

मी आता २४. मी १५ ची होते तेव्हा मलाही नेलं होतं. को.व. काकू तुम्ही स्वतः सोडायला गेलात. मला पहाटे चार वाजता दोन अनोळखी माणसांनी उठवलं. आईबाबा हॉलमध्ये उभे होते आणि काही बोलले नाहीत. त्यांना तसं सांगितलं होतं की बोलू नका. आईबाबांनी त्या माणसांना पैसे दिले होते. मी विचार केला की मला पळवून नेतायत आणि आईबाबांना धमकी दिलीये. विमान उतरेपर्यंत मला तसंच वाटत होतं.

शाळेचं नाव लिहित नाही. तिथे फोन स्पीकरवर असायचा, थेरपिस्ट शेजारी. मी एकदा म्हणाले मला घरी न्या, तर फोन बंद केला आणि आईला सांगितलं ही मॅनिप्युलेट करतेय. माझी फेज गेली. मग मी शिकले. काय बोललं की फेज मिळते ते शिकले. मी खूप छान बोलायला लागले. सगळे म्हणाले किती बदलली. मी १० महिन्यात घरी आले आणि दोन वर्षं मी आईशी तसंच छान बोलत होते, खोटं.

पण एक खरं पण आहे. तिथली माझी रूममेट अजून माझी बेस्ट फ्रेंड आहे. आम्ही रात्री लाईट गेल्यावर भिंतीवर टकटक करून बोलायचो. एक टकटक म्हणजे जागी आहेस का. दोन म्हणजे हो. मला बरं तिने केलं, शाळेने नाही.

काकू तुम्ही विचारलं बरोबर केलं का. ते आम्हाला विचारू नका, तिला विचारा. आणि ती हो म्हणाली तर परत सहा महिन्यांनी विचारा.

रानवारा

निळी सायकल, तुझ्या मराठीला काही झालेलं नाही.

तात्या_सांगलीकर

वाचलं. पहाटेचं वाचून झोप लागली नाही. असं कायद्याने चालतं का तिकडे?

अर्धा_चहा

चालतं तात्या. आईवडिलांची सही असली की मुलाला असं नेता येतं, बहुतेक राज्यांत अडवणारं काही नाही. पॅरिस हिल्टन (ती हॉटेलवाल्यांची) हिलाही नव्वदच्या दशकाच्या शेवटी असंच रात्री नेलं होतं, युटातल्याच एका शाळेत ती ११ महिने होती. २०२१ मध्ये तिने युटाच्या विधिमंडळात साक्ष दिली आणि त्याच वर्षी कायदा बदलला, वर्षाला चार तपासण्या, मुलाला दाबून धरलं किंवा कोंडलं तर लेखी नोंद, आठवड्यातून एकदा घरच्यांशी खासगीत बोलण्याचा हक्क. को.व. ताईंची लेक त्यानंतर गेली हे तिचं नशीब. २०२४ च्या डिसेंबरात केंद्राचाही कायदा झाला, पण त्यात अभ्यास करा, माहिती गोळा करा एवढंच आहे. बंदी अशी कशावर नाही.

कोथिंबीरवडी

तीन दिवस आले नाही. निळी सायकल, तुझं वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि भांडी घासायला घेतली, डिशवॉशर असून.

मग विचारलं लेकीला. गाडीत विचारलं, आमच्याकडे अवघड बोलणी गाडीतच होतात कारण एकमेकींकडे बघावं लागत नाही. म्हटलं, तिथे असं काही होतं का जे तू फोनवर सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "हो. खूप." मग सिग्नलला म्हणाली, "सगळं वाईट नाही, पण हो."

तिने जे सांगितलं त्यातलं एक तिच्या परवानगीने लिहिते. एकदा दोन मुलींनी रात्री पळायचा प्लॅन केला आणि पकडल्या गेल्या, तर सगळ्या घराला दोन दिवस एकमेकींशी बोलायला बंदी. जेवतानाही नाही. हीसुद्धा त्यात, हिचा काही संबंध नसताना. त्या आठवड्यातल्या फोनवर ती मला म्हणाली होती की आज बर्फ छान पडलाय. मी खूश झाले होते की पोरगी निसर्गाबद्दल बोलतेय! नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं. खासगी फोनचा हक्क होता ना, स्टाफ खोलीबाहेर होता, तिनेच सांगितलं नाही. का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाली, "तू शाळेत भांडली असतीस आणि मला परत घरी आणलं असतंस. मला तेव्हा घरी यायचं नव्हतं. मला घराची भीती वाटायची."

तिथे मला बोलता आलं नाही. वीस मिनिटांनी बोलते म्हटलं. ती हसली.

म्हणून आता शाळेबद्दल कोणी चांगली का वाईट विचारलं तर मला एका शब्दात सांगता येणार नाही. घोड्याचं तिला खरंच काहीतरी मिळालं. तिला एक म्हातारी घोडी दिली होती, पांढरट, एका डोळ्याने कमी दिसणारी. रोज सकाळी तिला ब्रशने साफ करायचं, खूर उचलून खालची माती काढायची. आपण रागात असलो की घोडी जवळच येऊ देत नाही, कान मागे पाडते, पाय उचलत नाही. नुसतं तोंडाने गोड बोलून चालत नाही, खांदे खरंच सैल सोडावे लागतात. निळी सायकल म्हणते ते छान-छान बोलणं घोडीपुढे उपयोगाचं नव्हतं. लेक म्हणते थेरपिस्टला मी दोनदा फसवलं, घोडीला एकदाही नाही.

आणि आमचंही लिहायला हवं, कारण तिकडे फक्त तिचीच दुरुस्ती चालू होती असं वाटायला नको. दर दोन-तीन महिन्यांनी आईवडिलांनी जाऊन दोन दिवस बसायचं असतं. नवऱ्याला लेकीला पत्र लिहायला सांगितलं. त्याने टाईप करून दोन पानं लिहिली, करिअर, शिस्त, आम्ही किती कष्टाने इथे आलो. थेरपिस्टने पेनाने खुणा करून परत दिलं, यातली अकरा वाक्यं सल्ल्याची आहेत, ती काढा. काढली तर "प्रिय" आणि "तुझा बाबा" आणि मधे हवामान एवढंच उरलं. चौथ्या वेळेला लिहिलेलं पत्र सहा ओळींचं होतं. ते मी वाचलेलं नाही. ते तिच्या उशीच्या अभ्र्यात असतं, धुवायला टाकताना ती काढून घेते.

सुमनमावशी

मी पुण्यात असते, वय ७१. तुझ्या सासूच्या वयाची समज. आम्हाला सांगितलं नाही म्हणून आम्हाला कळत नाही असं तुम्हा मुलांना वाटतं. माझ्या नातवाचं असंच काहीतरी होतं, मला दोन वर्षं "त्याचे क्लासेस आहेत" म्हणून सांगत होते. क्लासला जाणारा मुलगा आजीचा फोन घेत नाही का ग? मी विचारलं नाही कारण सुनेला वाईट वाटेल. तिने सांगितलं नाही कारण मला वाईट वाटेल. अशी दोन वर्षं गेली.

सांग. आणि सांगताना लांबण लावू नकोस, आजाराचं इंग्रजी नाव तर नकोच, आम्ही ते गुगल करतो आणि घाबरतो.

चिंचगूळ

धागा वाचतेय. एक अवांतर विचारू का, आपल्याकडे भारतात असं काही आहे का? माझी भाची १६ ची आहे, नाशिकला. तिकडच्यासारखी शाळा मिळेल का?

अर्धा_चहा

अवांतर अजिबात नाही. वर्षभर ठेवून घेणाऱ्या अशा शाळांचा धंदा आपल्याकडे तिकडच्यासारखा फोफावलेला नाही, आणि खरं सांगू, घाईने तसलं शोधूही नका. "मुलांना सुधारतो" म्हणणाऱ्या हॉस्टेलांपासून तर चार हात लांब. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अल्पवयीन मुलांना भरती करण्याचे वेगळे नियम आहेत, मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही आणि घरचं माणूस बरोबर राहतं, मुलगी असेल तर बाईमाणूस. म्हणजे आईला सोडून यायचं नाही, आईने तिथेच रहायचं. मला तर हे जास्त पटतं.

सुरुवात बाहेरूनच करा. ठाण्याच्या आयपीएचसारखी मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करतेय, तिथे विचारा. आणि आत्ता रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. भाची आत्ता स्वतःला काही करेल अशी शंका असेल तर धाग्यावर थांबू नका, हॉस्पिटल गाठा. अमेरिकेत असाल तर ९८८.

चिंचगूळ

फोन लावला १४४१६ ला. बहिणीला दिलाय. थँक्यू.

हिशोबनीस

को.व., एक राहिलं. घरी आल्यानंतरचं कोणी धरलं होतं का हिशोबात? आमचा मुलगा परत आला आणि पहिले सहा आठवडे स्वर्ग. मग जुने मित्र, जुनी खोली, जुना फोन, आणि नवव्या आठवड्यात धाडकन. शाळेतले सगळे नियम तिथल्या दिवसाच्या वेळापत्रकावर उभे असतात, घरी ते वेळापत्रक नसतं. आम्ही नंतर आठवड्यात तीन दिवस संध्याकाळची थेरपी लावली ती आधीपासूनच लावायला हवी होती. निवासी खर्चाच्या मानाने काहीच नाही.

कोथिंबीरवडी

हो, आमचंही पडलं होतं, तिसऱ्या महिन्यात. फोन कितीला बंद यावरून. घरी येताना एक करारनामा लिहिला होता, दोघांच्या सह्या, फ्रीजवर लावलेला. त्यावर तिने केचपने फुली मारली. मी तो फाडणार होते, नवरा म्हणाला राहू दे, लाल शाईने दुरुस्ती झाली समज. मग तिघं बसून परत लिहिला. आता तो चौथा कागद आहे. त्यात एक कलम माझ्यावर आहे, दारावर टकटक केल्यावर उत्तराची वाट बघायची. (हे कलम मी आठवड्याला सरासरी दोनदा मोडते.)

कोथिंबीरवडी

शेवटचं लिहिते. सासूबाईंचं.

लेकीला विचारलं की आजीला मी सांगू का बाबा सांगेल. ती म्हणाली मीच सांगते. रविवारी व्हिडिओ कॉल लावला, त्या मिरजेला, मागे टीव्हीवर कीर्तन. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते, कोथिंबीर निवडायचं सोंग. लेक म्हणाली, "आजी, मी बोर्डिंगला नव्हते गेले. मला बरं नव्हतं. मनाचं. मी बरी व्हायच्या शाळेत गेले होते."

टीव्हीचा आवाज बंद झाला. मग सासूबाई म्हणाल्या, "तिथे जेवायला काय देत होते?"

बस, एवढंच. आजार काय, का झाला, कोणाची चूक, काही नाही. लेकीने टॅकोपासून वरणभातापर्यंत सगळं सांगितलं, मग घोडीवर गाडी आली. तिचा डोळा, तिचे कान, सकाळी तिला ब्रशने कसं साफ करायचं ते हात हलवून दाखवलं.

"ब्रश काय म्हणतेस," सासूबाई म्हणाल्या, "खरारा म्हणतात त्याला. माझ्या वडलांचा टांगा होता मिरज स्टेशनला, मी केलाय खरारा, तुझ्यापेक्षा लहान होते. मानेकडून मागे करायचा, उलट नाही." हे मी लग्नाला एकवीस वर्षं होऊन पहिल्यांदा ऐकलं. नवऱ्यालाही टांग्याचं माहीत होतं, खराऱ्याचं नाही.

पाऊण तास चाललं. शेवटी विचारत होत्या की मे महिन्यात येताना गूळ आणते, ती घोडी लांब आहे का फार. लेक म्हणाली खूप लांब आहे आजी, विमानाने साडेपाच तास. तर म्हणे मग पोस्टाने पाठवता येतो का बघ, पण नखाएवढाच द्यायचा, जास्त दिला तर पोट धरतं.